नक्कल बरोबर उतरली. बाकीचे जागेवर आहे का?

चिकोडीजवळच्या एका गावच्या दूध संस्थेसाठी आमच्या विद्यार्थ्यांनी एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. सकाळ-संध्याकाळ आलेले दूध नोंदवायचे, सभासदाचा क्रमांक, नाव, लिटर, फॅट आणि दर यांची यादी ठेवायची आणि दर दहा दिवसांनी बिल काढायचे, एवढेच त्याचे काम. महाविद्यालयात तो आठवडाभर नीट चालला. संस्थेत नेऊन बसवला आणि पहिल्याच संध्याकाळी छापील यादी हातात घेऊन संस्थेचे सचिव माझ्याकडे आले. गाव त्यांना अण्णा म्हणते. ते म्हणाले, “सर, एकट्या पहिल्याचंच दूध आलंय काय आज?”

यादीत पहिल्या ओळीत नाव होते. खालच्या सगळ्या ओळींत लिटर बरोबर, फॅट बरोबर, रक्कम बरोबर. नावाचा रकाना मात्र कोरा. बिल वाटायला अजून दोन दिवस होते म्हणून निभावले. कोऱ्या रकान्यांवर पैसे कोणाला द्यायचे, हा प्रश्न दोन दिवसांनी आला असता तर अण्णांना गावात तोंड दाखवणे अवघड झाले असते.

चूक विद्यार्थ्यांची नव्हती, माझी होती. नावे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नकलण्याचा तुकडा मी स्वतः लिहून दिला होता, तोही सी भाषेत नव्हे, तर सीच्या मधोमध असेंब्लीची एक ओळ घालून. वर्गात दाखवायला ती ओळ झकास होती. त्या एका ओळीने काय बिघडवले, ते शोधताना आम्हाला कंपाइलरची चाचणी म्हणजे काय ते शिकावे लागले. ती हकिगत या वार्षिकात लिहितो आहे, कारण हा विषय मराठीत सांगता येत नाही असे आमच्याकडची मुले गृहीत धरून चालतात. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली निपाणीची, सदलग्याची मुले अभियांत्रिकीला आली की ‘रजिस्टर’, ‘स्टॅक’ हे शब्द इंग्रजी वाक्यासकट पाठ करतात. त्यांना अर्थ कळत नाही असे नाही. पण तो अर्थ त्यांच्या बोलण्यात कधी येत नाही, म्हणून त्यावर त्यांना शंकाही विचारता येत नाही.

आधी शब्दांचे पाहू. कंपाइलरला मराठीत ‘संकलक’ म्हणतात. मी एका वर्षी हट्टाने तो शब्द वापरला. पण आमच्याकडे संकलन म्हटले की दूध संकलन केंद्र डोळ्यांसमोर येते, आणि संकलक म्हणजे तिथला माप घेणारा माणूस. मुले हसली, मीही हसलो आणि कंपाइलरवर परत आलो. रजिस्टरची अडचण उलटी आहे. हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो हजेरीचा किंवा दुधाच्या नोंदीचा जाडजूड ग्रंथ म्हणून. प्रोसेसरमधले रजिस्टर तसे नाही. ते हाताशी ठेवलेले एक छोटे भांडे आहे. त्यात एका वेळी एकच संख्या मावते आणि दुसरी घातली की पहिली गेली. मेमरी म्हणजे मागची कोठी. तिथे जागा भरपूर, पण जाऊन यायला वेळ लागतो. आजच्या नेहमीच्या चौसष्ट-बिटी संगणकात अशी सर्वसाधारण कामाची भांडी फक्त १६ असतात. सगळा हिशेब त्या सोळांत फिरवायचा.

आता नक्कल. एका जागचे बाइट उचलून दुसऱ्या जागी ठेवायचे, याला सी भाषेत ‘मेमकॉपी’ नावाचे फंक्शन आहे. कुठे ठेवायचे, कुठून घ्यायचे आणि किती बाइट, अशा तीन गोष्टी त्याला सांगायच्या. संगणक दिवसभर जे करतो त्यातला मोठा भाग हाच असतो. मजकूर नकलणे, चित्र नकलणे, फाइलचा तुकडा इकडून तिकडे नेणे, सगळे शेवटी मेमकॉपीवर येते. म्हणून कंपाइलर या एका कामासाठी फार डोके चालवतो.

ते डोके कसे चालते, हे आपल्या गावांच्या नावांवरून पाहता येते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि इथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘चि’ हे आपल्याला एक अक्षर दिसते. संगणकाला तो ‘च’ आणि वेलांटी अशी दोन चिन्हे असतात. ‘चिकोडी’ म्हणजे च, ऱ्हस्व वेलांटी, क, ओकाराचे चिन्ह, ड, दीर्घ वेलांटी: सहा चिन्हे, १८ बाइट. ‘निपाणी’ १८ बाइट, ‘बेळगाव’ १८ बाइट, ‘रायबाग’ही १८. ‘सदलगा’ १५, ‘कागल’ १२, ‘अथणी’ १२. ‘हुक्केरी’मध्ये जोडाक्षर आहे, त्यातला हलन्त वेगळा मोजायचा, ती २४ बाइट. ‘संकेश्वर’ही २४. मुलांना हे मोजायला दिले की एक तास आनंदात जातो. शिवाय जुन्या प्रोग्रामांत नावाला १६ बाइट का पुरत नाहीत, तेही त्यांना न सांगता कळते. इंग्रजी स्पेलिंगसाठी १६ ठीक होते. ‘चिकोडी’ त्यात घातले तर ‘चिकोड’पर्यंत १५ बाइट होतात, सोळाव्या जागी दीर्घ वेलांटीचा पहिला तिसरा हिस्सा येतो आणि पडद्यावर शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो.

१८ बाइट नकलायचे आहेत हे कंपाइलरला आधीच ठाऊक असेल, तर तो मेमकॉपीला हाक मारतच नाही. जीसीसी हा कंपाइलर काय करतो, ते आम्ही त्याला असेंब्ली लिहून दाखवायला सांगून पाहिले. तो १६ बाइट एका रुंद रजिस्टरमध्ये एकदम उचलतो, खाली ठेवतो. उरलेले दोन बाइट दुसऱ्या रजिस्टरमध्ये उचलतो, ठेवतो. काम संपले. २४ बाइट असतील तर १६ अधिक ८. पंधराला गंमत आहे. क्लँग नावाचा दुसरा कंपाइलर ‘सदलगा’चे पंधरा बाइट आठ-आठच्या दोन घासांत घेतो: एक घास आरंभापासून, दुसरा सातव्या बाइटनंतर. मधला एक बाइट दोनदा नकलला जातो, पण त्याने काही बिघडत नाही, कारण दोन्ही वेळा तिथे तेच ठेवले जाते. आठ, चार, दोन, एक असे चार घास घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते. विद्यार्थ्यांना हे दाखवले तेव्हा एकाने विचारले, “सर, हे कोणी सांगितलं त्याला?” कोणीतरी माणसाने ते त्यात लिहून ठेवले आहे, आणि लिहिणारा माणूस असला की चुकणाराही असतो. चाचणी म्हणूनच लागते.

बाइट किती हे आधी ठाऊक नसेल, किंवा आकडा मोठा असेल, तर कंपाइलर सरळ लायब्ररीतल्या मेमकॉपीला हाक मारतो. आकार लहान ठेवा असे सांगितले तर कधी तो प्रोसेसरची खास आज्ञा वापरतो, जिला आमच्या प्रयोगशाळेत ‘रेप मूव्ह’ म्हणतात. ही एकच आज्ञा उगमाचा पत्ता एका ठरलेल्या रजिस्टरमधून घेते, ठिकाणाचा पत्ता दुसऱ्यातून, किती ते तिसऱ्यातून, आणि काम संपेपर्यंत स्वतःच फिरत राहते. त्या तिघांची नावे आरएसआय, आरडीआय आणि आरसीएक्स. काम संपते तेव्हा या तिन्ही भांड्यांत जे होते ते राहिलेले नसते. दोन्ही पत्ते पुढे सरकलेले असतात आणि आरसीएक्स शून्य झालेला असतो.

माझी ओळ हीच होती. मी कंपाइलरला सांगितले की ही तीन मूल्ये या तीन रजिस्टरांत घालून दे. पण ती तिथून बदललेली परत येतील, हे लिहायचे राहिले. सीमध्ये असेंब्लीची ओळ घालताना कंपाइलर त्या ओळीच्या आत पाहत नाही. आपण त्याला जे लिहून देऊ त्यावर तो विश्वास ठेवतो. मी ‘आत घेतो’ एवढेच लिहून दिले, ‘बदलून देतो’ हे लिहिले नाही. मग त्याने साहजिक विचार केला: लांबी आरसीएक्समध्ये आहे, ती बदलणार नाही, तर दर फेरीला ती पुन्हा भरायची कशाला? त्याने ती फेरीबाहेर एकदाच भरली. पहिल्या सभासदाचे नाव नकलले गेले आणि आरसीएक्स शून्य झाला. दुसऱ्या सभासदापाशी ‘शून्य बाइट नकल’ अशी आज्ञा झाली. ती तिने अगदी बिनचूक पाळली. तिसऱ्यालाही तसेच, आणि पुढे यादी संपेपर्यंत.

महाविद्यालयात हे का दिसले नाही? तिथे आम्ही प्रोग्राम कुठलीही सुधारणा न करता, कंपाइलरच्या शून्य पातळीवर बनवत होतो. त्या पातळीवर तो भाबडा असतो. प्रत्येक ओळीला मागच्या कोठीतून मूल्य आणतो, वापरतो, परत ठेवतो. भांड्यात काय उरले यावर विसंबत नाही. संस्थेचा संगणक जुना आणि संथ, म्हणून तिथे नेताना आम्ही दुसऱ्या पातळीची सुधारणा लावली होती. कंपाइलर हुशार झाला, आणि मी लिहून दिलेला अर्धवट करार उघडा पडला. दोष कंपाइलरचा, असे मी त्या रात्री दोन तास मनाशी म्हणत होतो, हेही सांगून टाकतो. या क्षेत्रात जवळजवळ प्रत्येकाच्या हातून हा आरोप एकदा होतो आणि बहुतेक वेळा तो मागे घ्यावा लागतो.

दुरुस्ती एका चिन्हाची होती. पण दुरुस्त झाले हे ठरवायचे कसे? नावे छापून आली म्हणजे झाले काय? नावे कोरी आली हे आमचे नशीब. त्याऐवजी कुणाच्या फॅटचा आकडा ४.५ चा ४.१ झाला असता तर कोणाच्या लक्षात आले असते? आम्ही ठरवले की यापुढे नक्कल करणारा कुठलाही तुकडा, मग तो आपण लिहिलेला असो वा कंपाइलरने, त्याची चाचणी घ्यायची. आणि ती चाचणी दोन प्रश्नांची असावी. नक्कल बरोबर उतरली का? आणि ज्याला हात लावायचा नव्हता ते जागेवर आहे का?

दुसरा प्रश्न कळायला रजिस्टरांचा रिवाज कळायला हवा. एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारते तेव्हा दोघे तीच सोळा भांडी वापरतात. हाक मारणाऱ्याने अर्धवट शिजलेले काही त्यात ठेवलेले असते. लग्नाला आचारी बोलावला की घरची बाई त्याला आधीच सांगते: ही भांडी खुशाल वापरा, ही वापरलीत तर घासून, होती तशी, होती तिथे परत. प्रोसेसरच्या जगात हे लेखी ठरलेले असते. लिनक्सवर सोळांपैकी नऊ रजिस्टरे हाकेत उधळली तरी चालतात. आरबीएक्स, आरबीपी आणि आर-१२ ते आर-१५ ही सहा मात्र राखायची असतात. सोळावे, आरएसपी, चळतीचा म्हणजे स्टॅकचा माथा दाखवते. ते तर हलले की सगळेच कोसळते. राखायच्यांपैकी एखादे वापरायचे असेल तर फंक्शनने आरंभी त्यातले मूल्य चळतीवर ठेवायचे आणि जाताना उतरवून परत भरायचे.

कोणते मूल्य अजून लागणार आहे आणि कोणते संपले, हे कंपाइलर प्रोग्रामभर शोधत जातो. मूल्य ‘जिवंत’ आहे की नाही, असाच शब्द त्या शास्त्रात आहे. या विषयात मुंबईच्या आयआयटीत मोठे काम झाले आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरचा ग्रंथ २००९ साली आला. त्यात या जिवंतपणाचा हिशेब मुळापासून मांडलेला आहे. खेडकरांच्या पुढाकाराने तिथे जीसीसीसाठी एक संसाधन केंद्रही चालले आणि त्याच्या कार्यशाळांतून अनेक महाविद्यालयांतल्या शिक्षकांना हा कंपाइलर आतून पाहायला मिळाला. आपल्याकडे कंपाइलर हा ‘वापरायचा’ असतो, ‘उघडायचा’ नसतो. ती समजूत मोडायला अशा जागा लागतात.

दुसरे उदाहरण पुण्याचे. केपीआयटी कमिन्स या कंपनीतल्या मंडळींनी रेनेसासच्या एसएच, एच-८ वगैरे प्रोसेसरांसाठी जीसीसीच्या तयार बांधण्या करून, तपासून, मोफत उपलब्ध करून दिल्या होत्या. एच-८ हा यंत्रांच्या पोटात बसणारा छोटा प्रोसेसर. १९९८ साली आलेल्या लेगोच्या आरसीएक्स या प्रोग्राम करता येणाऱ्या विटेतही तोच होता. आपल्या विषयाला त्याच्याइतके चपखल उदाहरण मला दुसरे माहीत नाही. त्यात ‘ईईपीमूव्ह’ नावाची, एकाच दमात मेमरी नकलणारी आज्ञा आहे. ती उगमाचा पत्ता पाचव्या रजिस्टरात, ठिकाणाचा सहाव्यात आणि मोजणी चौथ्यात मागते. आणि जीसीसीच्या रिवाजात नेमकी हीच तीन, चार-पाच-सहा, राखायची रजिस्टरे. म्हणजे नक्कल करणारी सर्वांत सोपी आज्ञा वापरायची तर आधी तिन्ही चळतीवर ठेवा, मग नक्कल करा, मग उतरवा. यातले एक विसरले तरी नक्कल बिनचूक उतरेल. बिघडेल ते हाक मारणाऱ्याचे, दुसऱ्याच कुठल्या ओळीत.

त्या आज्ञेचा आणखी एक पेच तिच्या पुस्तिकेत दिलेला आहे. तिच्या मोठ्या रूपात, नक्कल चालू असताना टाळता न येणारा व्यत्यय आला तर नक्कल मध्येच थांबते, आणि व्यत्यय संपल्यावर काम पुढच्या आज्ञेवर जाते. राहिलेले बाइट राहूनच जातात. म्हणून आज्ञेच्या पाठोपाठ चौथे रजिस्टर शून्य झाले का ते पाहायचे, नसेल तर पुन्हा मागे जायचे. अशी गोष्ट साध्या चाचणीत सापडणे कठीण, कारण व्यत्यय नेमका त्या क्षणी यावा लागतो.

आमच्या चाचणीकडे वळतो. पहिला प्रयत्न पार फसला, आणि तो फसणे उपयोगी ठरले. आम्ही एका जागी नाव ठेवले, मेमकॉपीने दुसरीकडे नकलले, दोन्ही ताडून पाहिली. सगळे उत्तम. मग असेंब्ली उघडून पाहिली तर नक्कल करणारी ओळच नव्हती! नाव काय आहे ते कंपाइलरला आधीच दिसत होते. ताडून पाहिल्यावर उत्तर ‘सारखे’ येणार हेही दिसत होते. त्याने थेट ते उत्तरच लिहून टाकले. परीक्षा घेणाऱ्याने प्रश्नाखालीच उत्तर छापावे तसे झाले. मग नक्कल करणारा तुकडा वेगळ्या फाइलमध्ये, वेगळा कंपाइल करून ठेवला, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या पोटातले दिसू नये.

दुसरा धडा लांबीचा. एकच फंक्शन लिहून त्याला ० पासून २५६ पर्यंत लांब्या देऊन पाहिल्या. सगळ्या बरोबर आल्या. पण लांबी बाहेरून येत असल्यामुळे कंपाइलर प्रत्येक वेळी लायब्ररीतल्या मेमकॉपीलाच हाक मारत होता. म्हणजे आम्ही लायब्ररी तपासत होतो, कंपाइलर नव्हे. सोळा-अधिक-दोन, आठ-आठ असे जे घास तो स्वतः पाडतो ते एकदाही चालले नव्हते. मग एका छोट्या स्क्रिप्टकडून २५७ फंक्शने लिहवून घेतली, प्रत्येकात एक पक्की लांबी. उगमाचा पत्ता सोळाच्या पटीपासून ० ते १५ बाइट सरकवून आणि ठिकाणाचा पत्ताही तसाच सरकवून प्रत्येक फंक्शन २५६ प्रकारे चालवले. एका पातळीला ६५,७९२ फेऱ्या. कंपाइलरच्या चार पातळ्या धरल्या तर २,६३,१६८. संगणकाला याला फार वेळ लागत नाही. आमचा सगळा वेळ विचार करण्यात गेला.

प्रत्येक फेरीत ठिकाणाच्या दोन्ही बाजूंना ओळखीचे बाइट पेरून ठेवायचे. शेताच्या बांधावर चुन्याची रेघ मारतात तसे. नक्कल झाल्यावर रेघ मोडलेली दिसली की बैल पलीकडे गेले. उगम जसाच्या तसा आहे का तेही पाहायचे. जीसीसीबरोबर येणाऱ्या चाचण्यांच्या संचातही मेमरी भरणे, मजकूर नकलणे यांच्या चाचण्या याच धाटणीच्या आहेत: लांबी बदला, सरकवणी बदला, अलीकडचे-पलीकडचे बाइट तपासा.

रजिस्टरांसाठी मात्र सीमध्ये चाचणी लिहिता येत नाही. कुठले मूल्य कुठल्या रजिस्टरात ठेवायचे हे सीमध्ये कंपाइलर ठरवतो आणि तपासायचा तर तोच आहे. म्हणून असेंब्लीत एक छोटा पहारेकरी लिहिला. तो राखायच्या सहाही रजिस्टरांत ठरावीक, सहज ओळखू येणाऱ्या संख्या भरतो, नक्कल करणाऱ्या फंक्शनला हाक मारतो, आणि परत आल्यावर सहाही संख्या जागेवर आहेत का ते पाहतो. यातही एक खोच होती. नुसती नक्कल करणारी फंक्शने राखीव रजिस्टरांना हातच लावत नाहीत. नऊ मोकळ्या भांड्यांत त्यांचे भागते. मग ती राखली हे सिद्ध कसे होणार? म्हणून अशी फंक्शने केली जी आधी नकलतात, मग दुसऱ्या कोणाला हाक मारतात, आणि त्यानंतरही त्यांना पहिले पत्ते लागतात. आता कंपाइलरला ते पत्ते हाकेपलीकडे जपून न्यावेच लागतात. तो ते आरबीएक्स आणि आरबीपीमध्ये ठेवतो आणि त्यासाठी आरंभी त्यांना चळतीवर चढवतो. राखण्याची परीक्षा इथे होते.

पहारेकरी झोपलेला नाही हे पाहायला आम्ही मुद्दाम चोरी केली. कंपाइलरने लिहिलेल्या असेंब्लीत, आरबीएक्स परत भरल्यानंतर, तो शून्य करणारी एक ओळ घुसडली. पहारेकऱ्याने लगेच ओरड केली. माझ्या मते चाचणी शिकवताना हा भाग सगळ्यांत आधी यायला हवा, कारण जी चाचणी कधी नापास करत नाही तिच्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

हा उद्योग आम्हीच शोधला असे नव्हे. ख्रिश्चियन लिंडिग यांनी २००५ साली ‘क्वेस्ट’ नावाचे साधन केले. ते हाकेच्या रिवाजाची परीक्षा घेणारी सी फंक्शने चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटेल तशी तयार करते आणि कंपाइलरला त्यात अडकवते. पुढे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात ‘सीस्मिथ’ झाले. ते संपूर्ण प्रोग्रामच असे यदृच्छेने रचते. २०११ साली त्या मंडळींनी कंपाइलरांतल्या ३२५हून अधिक चुका कळवल्याचे नोंदवले. मोठमोठ्या कंपाइलरांत चुका असतात, हे वाचून आमच्या मुलांना आधी धक्का बसला आणि मग जरा बरे वाटले.

या दोन प्रश्नांतल्या दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याची दोन उदाहरणे मी वर्गात नेहमी सांगतो. प्रोसेसरमध्ये एक दिशादर्शक खूण असते. ‘रेप मूव्ह’ पुढे चालायचे की मागे, ते ती ठरवते. रिवाज असा की फंक्शनला हाक मारताना ती पुढच्या दिशेलाच असावी. पूर्वी जीसीसी तरीही खात्रीसाठी ती दर वेळी पुढे करून घेत असे. २००८ साली आलेल्या ४.३ आवृत्तीने, रिवाज आहे तर पुन्हा कशाला, म्हणून ते सोडून दिले. तेव्हा उघड झाले की लिनक्सचा गाभा सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनला हाक मारताना ती खूण सरळ करतच नव्हता. इतकी वर्षे जीसीसीच्या जादा काळजीने ते झाकले गेले होते. शेवटी गाभा दुरुस्त झाला.

दुसरे २०१० सालचे. फेडोरा १४ या लिनक्समध्ये काही प्रोसेसरांसाठी नवी, वेगवान मेमकॉपी आली. ती काही वेळा शेवटाकडून आरंभाकडे नकलत असे. रिवाजाप्रमाणे यात चूक नव्हती, कारण उगम आणि ठिकाण एकमेकांवर आलेले असतील तर मेमकॉपी वापरायचीच नाही. त्यासाठी मेममूव्ह नावाचे वेगळे फंक्शन आहे. पण फ्लॅश प्लेयर तसे वापरत होता, आणि लोकांना गाण्यांत खरखर ऐकू येऊ लागली. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी स्वतः त्याचा माग काढला आणि वापरणाऱ्याला काय दिसते ते महत्त्वाचे, असा वाद घातला. पुढे त्या लायब्ररीने जुन्या प्रोग्रामांना जुन्या नावाखाली मेममूव्हसारखे वागणारे फंक्शन देऊन मार्ग काढला. आमच्या दूध यादीतही हेच दडलेले होते. एखादा सभासद वगळला की खालच्या ओळी एकेक वर सरकवायच्या. उगम आणि ठिकाण एकमेकांवर येतात. मुलांनी तिथे मेमकॉपी लिहिली होती. ती चालतही होती. ती बदलली.

एका मुलाला वाटले, लायब्ररीवर विसंबण्यापेक्षा आपलीच मेमकॉपी लिहावी. त्याने साधी फेरी लिहिली: एक बाइट उचल, ठेव, पुढे जा. कंपाइलरने ती फेरी पाहिली, ‘ही तर मेमकॉपी’ म्हणून ओळखली आणि तिच्या जागी मेमकॉपीला हाक घातली. फंक्शनचे नावही मेमकॉपीच होते! ते स्वतःलाच हाक मारत बसले आणि प्रोग्राम परत आलाच नाही. ही ओळखण्याची सवय बंद करायला जीसीसीला वेगळी सूचना द्यावी लागते. त्या मुलाला सगळे अजून चिडवतात.

चाचणी लिनक्सवर स्वच्छ झाली. मग लक्षात आले की संस्थेच्या संगणकावर विंडोज आहे. प्रोसेसर तोच, सी तीच, पण रिवाज दुसरा. विंडोजवर राखायची रजिस्टरे सहा नाहीत, आठ आहेत. वरची दोन म्हणजे आरडीआय आणि आरएसआय, ‘रेप मूव्ह’ उधळते नेमकी ती. शिवाय रुंद रजिस्टरांपैकी सहा ते पंधरा क्रमांकाचीही राखायची असतात, जी लिनक्सवर सगळी मोकळी आहेत. पहारेकऱ्याला नवी यादी दिली आणि हाक मारताना मूल्ये कोणत्या रजिस्टरांतून द्यायची तेही बदलले. नवा पहारेकरी पहिल्याच फेरीत कोसळला. आम्ही दोन दिवस कंपाइलरवर संशय घेतला. सदलग्याच्या एका विद्यार्थिनीने शेवटी विचारले, “सर, पहारेकरी आरबीएक्समध्ये स्वतःची संख्या भरतोय. पण त्याला ज्यानं हाक मारली त्याचं आरबीएक्स त्यानं राखलंय का?”

राखले नव्हते. लिनक्सवरही राखले नव्हते. तिथे हाक मारणाऱ्याला त्या वेळी आरबीएक्सची गरज नव्हती, म्हणून खपून गेले होते. मी लिहिलेल्या दहा-पंधरा ओळींत पुन्हा तीच चूक होती. आरंभी आठ वेळा चढवणे आणि शेवटी उलट्या क्रमाने आठ वेळा उतरवणे घातले, रुंद रजिस्टरांसाठी चळतीवर जागा केली, आणि दोन्हीकडच्या सगळ्या फेऱ्या पुन्हा चालवल्या.

प्रोग्राम संस्थेत परत बसला तेव्हा नावाचा रकाना ६४ बाइटचा केला होता. अण्णांनी यादी वाचली, सगळी नावे पाहिली आणि एक मागणी केली. पावतीवर गावाचे नाव मराठीखाली कन्नडमध्येही यावे. कन्नडमध्ये चिकोडीचे ‘चिक्कोडी’ होते, क जोडून. कन्नड चिन्हेही तीन-तीन बाइटचीच. मुलीने बोटांवर मोजले: आठ चिन्हे, २४ बाइट. सोळा अधिक आठ. त्या लांबीच्या फेऱ्या आधीच झाल्या होत्या.